मदतीले आलेली बाई

मी बी.ए. इतिहासवाली. पानिपत का हरलो, याची दहा मार्कांसाठी अकरा कारणं मी झोपेतही सांगेन. पण एमबीएच्या प्रवेश परीक्षेत पानिपत विचारत नाहीत. तिथे नळ, टाक्या अन् मजूर असले रिकामटेकडे प्रश्न असतात. दोनदा आपटले होते. तिसऱ्यांदा आपटले की मुकाट्याने बी.एड.चा फॉर्म भरायचा, असं घरात ठरलेलं. मला लेकरं शिकवायची नव्हती. लेकरांचा मला तेव्हाही तिटकारा होता, अजूनही आहे.

देऊळगाव राजाहून रोज एसटीने जालन्याला क्लासला जायचे. सर फळ्यावर सूत्र लिहायचे अन् मी ते सनावळीसारखं पाठ करायचे. व्हायचं तेच झालं, सूत्र पाठ अन् उत्तर चूक.

आई गावाजवळच्या शेडनेटमध्ये मिरचीच्या बियाण्याच्या कामावर होती. नराच्या फुलातला पराग हाताने मादीच्या फुलाला लावायचा, त्याला आमच्याकडे सगळे क्रॉसिंग म्हणतात. वीस बायांची ती मुकादम. ज्या दोघींचा अबोला चालू असेल त्यांना ती बरोब्बर शेजारच्या ओळी द्यायची. तोंड बंद, हात चालू.

एका रविवारी तिथेच वही घेऊन बसले होते. एक बाई एक काम सहा दिवसांत करते, दुसरी बारा. दोघी मिळून किती दिवसांत करतील? मी बेरीज केली, निम्मी केली अन् ऐटीत मोठ्याने म्हटलं, "नऊ."

आई फुलावरची नजर न काढता म्हणाली, "काय बोलून राह्यली वं? पहिली एकटी सहा दिवसात उरकते, अन् मदतीले बाई आली तं नऊ? तिले घरी पाठव मंग."

वीसच्या वीस बाया हसल्या. मला झोंबलं. "तू चौथी शिकली माय, तुले काय समजते," मी फाडकन बोलले.

दोन फुलं झाल्यावर आई म्हणाली, "दिवस नको मोजू. एका दिवसाचं काम मोज. बारा ओळी धर. पहिली रोज दोन करते, दुसरी एक. मिळून तीन. आता सांग."

चार. इतकं सोपं होतं ते. त्या दिवसापासून मी सगळ्या नळांना बायाच धरलं. गळकी टाकी म्हणजे दुसरीचं काम बिघडवणारी बाई, अन् तशी एक आमच्याकडे होतीच.

तिसऱ्यांदा पास झाले. मुलाखतीत एका साहेबांनी विचारलं, "इतिहासाच्या मुलीला गणित कोणी शिकवलं?" मी ठणकावून जालन्याच्या क्लासचं नाव सांगितलं. घरी आल्यावर तेही हसत हसत आईला सांगितलं. लाज म्हणून वाटली नाही.

प्रवेश मिळाला तेव्हा आईने शेडनेटमध्ये पेढे वाटले. एका बाईने तिला विचारलं, "कसलं गणित असते वं हे इतकं अवघड?"

माझ्या हातावर पेढा ठेवत आई तिला म्हणाली, "मले काय समजते बाई, मी चौथी शिकली."