धाकटीचं लोहचुंबक

माझी धाकटी जाऊ कपडे दुरुस्त करते. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. संध्याकाळी मशीन बंद केलं की ती गुडघ्यांवर बसून फरशीवरून लोहचुंबक फिरवते आणि पडलेल्या टाचण्या वेचते. तिच्या मुलाला रक्त लवकर न थांबण्याचा आजार आहे. टाचणीपेक्षा पडण्याआपटण्याला जपा, असं डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं, पण हिचं आपलं चालूच.

हा आजार मुलाला आपल्याकडून आला, हे कळल्यापासून ती स्वतःला माफ करायला तयार नाही. भाऊजी मला म्हणतात, "वहिनी, तुम्ही समजवा तिला." जसं काही ती माझं ऐकणार आहे.

दोघांना दुसरं मूल हवं होतं. मलाही सोबत घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी एकेक मार्ग उलगडून सांगितला. दिवस राहिल्यावर गर्भ तपासता येतो, पण आजार निघाला तर ठेवायचं की नाही, ते ठरवावं लागतं. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, आधीच तपासून, आजार नसलेला पोटात सोडता येतो. तो दर वेळी रुजतोच असं नाही. दुसऱ्या बाईचं बीज घेता येतं, मूल दत्तक घेता येतं, नाहीतर एकावर थांबता येतं.

"यात चूक कोणाचीच नसते," बाई म्हणाल्या.

"माझ्यातून गेलं ना? मग चूक काय शेजारणीची?" धाकटी म्हणाली.

शेवटी आधी तपासण्याचंच ठरलं. घरी पोरगा सुजलेल्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी धरून बसला होता. बाळाचं ऐकून खूश झाला.

"त्यालाही इंजेक्शनं असतील ना? मग आम्ही दोघं जाऊ."

"नाही रे," धाकटी म्हणाली. "डॉक्टर आधी बघून, हा आजार नसलेलंच बाळ देणार."

"आणि मला? न बघताच घेतलंत?"

धाकटीचा चेहरा पडला. "न बघताच," ती कशीबशी म्हणाली.

त्यानं जरा विचार केला. "बरं. पण इंजेक्शनच्या वेळी तो माझा हात धरायला येईल ना?"

"येईल."

त्या संध्याकाळी धाकटीनं लोहचुंबक दोनदा फिरवलं. दुसऱ्यांदा फरशीवर एकही टाचणी नव्हती, पण मी तिला थांबवलं नाही.