शौकतने परत पाठवलेले वॉल्व्ह

शौकत गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला. मी सांगलीत सकाळी दुकानाचं शटर वर करत होतो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कुणाच्या साइटवर?" ती म्हणाली, "आवं काका, घरीच. झोपेतच." मी शरमलो. पण नऊ वर्षं एकच शंका उराशी धरून बसलेल्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार... शौकत कुणाचा होता, माझा की साताऱ्याच्या त्या दुसऱ्या ठेकेदाराचा, नानाचा?

आम्ही दोघं एकाच वयाचे, एकाच ठेकेदाराकडे पाइप उचलायला लागलो. मी भाव करायला शिकलो आणि ठेकेदार झालो. तो हातानं शिकला आणि फिटर झाला. कवठे महांकाळच्या या माणसाला बटरफ्लाय वॉल्व्ह बसवताना बघायला हवं होतं. पाइपच्या मापाचं लोखंडी कडं, आतून रबराचं अस्तर आणि मधोमध एक गोल तबकडी. ती फिरवली की तिच्या कडा दोन्हीकडच्या पाइपांत शिरतात आणि पाणी सुरू; मिटली की बंद. ऐकायला सोपं आहे. शौकत आधी पाइपच्या दोन तोंडांमध्ये पुरेशी फट करायचा, म्हणजे रबर सोलवटत नाही. तबकडी जवळजवळ मिटलेली ठेवून वॉल्व्ह आत सरकवायचा, बोल्ट नुसते अडकवायचा आणि तबकडी सावकाश पूर्ण उघडून बघायचा. ती कुठं घासत नाही अशी खात्री पटली, की मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचा. यात अर्धा दिवस जायचा आणि मला वाटायचं, हा मुद्दाम वेळ काढतोय.

कुंडलजवळ शेतकऱ्यांच्या पाणी योजनेचं काम होतं. वॉल्व्ह मी घासाघीस करून आणलेले. दुसऱ्या दिवशी पाणी सुटणार, म्हणून नारळ-हार येऊन पडलेले, माणसं जमलेली, योजनेचे साहेब खुर्चीत. शौकतनं खड्ड्यातून हाक मारली, "बापू, जरा खाली ये की."

"खाली उतरायला तू हायस. मी हितं साहेबांजवळ हाय."

थोड्या वेळानं पुन्हा, "बापू, ये रं!" मी हललो नाही. शेवटी तोच शिडी चढून वर आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "पाइपला आतनं सिमेंटचा थर हाय. तबकडी उघडताना त्येला घासतीया. ह्यो वॉल्व्ह मी बसवणार न्हाई."

"जरा जोर लाव, उघडंल."

"उघडंल की. मग एक दिवस दांडी तुटंल, तबकडी आपटून बंद हुईल आन पाइप फुटंल. तवा खड्ड्यात कोण असंल, तू?"

लोक हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझं काम थांबवलं. महिनाभरात उरलेलं काम नानाला मिळालं, आणि नानाच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलेला शौकत मी या डोळ्यांनी पाहिला. आणखी पुरावा काय हवा? मी त्याला तोंडावर म्हणालो, "विकला गेलास." तो म्हणाला, "तुला सगळं जग विकायलाच ठेवल्यालं दिसतंय, गड्या." त्यानंतर आम्ही एका साइटवर पाऊल ठेवलं नाही. वॉल्व्ह नाकारला याचं मला तितकं वाटलं नाही. मला बाजूला घेऊन सांगितलं असतं, तर मी रातोरात बदलून आणले असते. चारचौघांत कशाला?

तिसऱ्या दिवशी जियारतीच्या दुआसाठी त्याच्या घरी गेलो, तर अंगणातल्या सतरंजीवर डोक्याला रुमाल बांधून नाना बसलेला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुमचाच माणूस, तुमी तर येणारच," मी हळू आवाजात टोमणा मारला.

नाना बघतच राहिला. "माझा? बापू, आता खरं सांग. कुंडलला माझं बी चार वॉल्व्ह त्यानं परत धाडलं. बाजूनं मोठ्या तोंडाची जाड कडी घालून तबकडीला जागा केल्याबिगर हात लावणार न्हाई म्हणला. मी तर समजत हुतो, मला अडवायला तूच त्येला फितवलायस!"

परतीच्या वाटेवर मी नानाच्या बोलण्यात खोट शोधत होतो. नाना गोड बोलतो, आणि गेलेला माणूस साक्ष द्यायला येत नाही. आणि हे खरंच असेल, तर शौकतनं नऊ वर्षांत एकदा तरी मला सांगायला नको का? तो राग अजून आहे.

गेल्या आठवड्यात मेढ्याच्या कामावर नव्या फिटरनं तासाभरात वॉल्व्ह बसवला. "झालं, मालक." इतक्या लवकर झालं म्हणाला, म्हणूनच मला त्याचा संशय आला. मी स्वतः शिडी उतरलो. बोल्ट सैल करायला लावले आणि तबकडी फिरवली. अर्ध्याच्या पुढं गेली आणि खरखरली. वर इंजिनिअर साहेब फोनवर मोठ्यानं बोलत होते; खाली त्यातला एक शब्द कळत नव्हता. आमचंही वर कुणाला कळत नसणार. मी तिथंच टेकलो... शौकत मला बाजूलाच बोलावत होता. त्याच्याजवळ बाजू म्हणून तेवढा खड्डाच होता.

वर येऊन मी माझाच वॉल्व्ह नापास केला. साहेबांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "बापू, काम लांबवायला कुणी सांगितलं तुम्हाला?" ती नजर माझ्या चांगल्या ओळखीची होती. "बरं, पंप तरी फिरवून बघू. किल्ली द्या," म्हणत त्यांनी हात पुढं केला.

पंपाच्या स्विचला कुलूप लावायचं, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायची आणि खिशाला वरून सेफ्टी पिन मारायची, ही शौकतची सवय. खाली उतरलेला शेवटचा माणूस वर येईस्तोवर ती पिन निघायची नाही, मागणारा कुणी का असेना. ही सवय मी कधी उचलली, मला सांगता येणार नाही. नवा फिटर अजून खालीच, सैल बोल्टांपाशी होता. पान्ह्याचा आवाज येत होता. साहेबांचा हात तसाच पुढं होता, आणि मी पिन मारलेल्या खिशावर हात ठेवून उभा होतो.