आयझॅकचा चिठ्ठ्यांचा आग्रह

आयझॅक गेल्याचा फोन आला तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत होतो. बायकोने दारातूनच सांगितलं... मी उरलेला बर्फ काढून मगच आत गेलो. याला आता सहा आठवडे झाले.

अलिबागकडचा हा बेने इस्रायली ज्यू माणूस टोरोंटोच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायचा. गेल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला युरोप म्हणजे त्याचा जीव की प्राण. राजे आणि लढाया त्याला कंटाळवाण्या वाटत. मताचा हक्क साध्या माणसापर्यंत कसा पोचला, यावर मात्र तो जेवण गार होईपर्यंत बोले. इंग्लंडातली कुळं जमीनदाराच्या माणसांदेखत मोठ्याने मत सांगत, नको ते नाव घेतलं तर बिऱ्हाड उचलावं लागे, गुप्त मतदान मागणाऱ्या कामगारांनी तुरुंग पाहिले... "मास्तर, तास संपला," म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

सत्तर सालच्या आसपास इथे आलेल्यांचं आमचं मंडळ. अध्यक्ष हात वर करून निवडायचा, आणि दरवर्षी आमचे डॉक्टरच. भला माणूस, निम्म्या लोकांना सुरुवातीला त्यांच्याच बेसमेंटमध्ये आसरा मिळालेला, माझी नोकरीही त्यांच्या शब्दावर. सात वर्षांपूर्वी आयझॅक त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. मी सेक्रेटरी होतो, आणि मत तुलाच देईन असं त्याला कबूल करून बसलो होतो. सभेत त्याने चिठ्ठ्या मागितल्या.

"आपण सगळी घरचीच माणसं, सीक्रेट कशाला?" मी म्हणालो.

"घरच्यांसमोरच हात जड होतो रे."

मी ऐकलं नाही. डॉक्टर पहिल्या रांगेतून मागे वळून हसत बघत होते. आयझॅकच्या नावाला एकही हात वर झाला नाही. स्वतःला मत देणं त्याला प्रशस्त वाटेना. मी काय, मोजणारा होतो, ही सबब मी पुढे स्वतःला कितीदा दिली! खरं तर डॉक्टरांनी माझं काहीही वाकडं केलं नसतं, आणि तेच मला जास्त लागतं. घरी आयझॅकनेच सोडलं. वाटेत, विंटर टायर्स लावलेस का, एवढंच त्याने विचारलं.

परवा त्याच्या घरी, रिबेकावहिनींकडे गेलो. त्या सभेच्या दिवशी त्या हॉस्पिटलात ड्यूटीवर होत्या. त्यांनी मला त्याच्या खुर्चीत बसवलं. समोर तपासायच्या राहिलेल्या वह्या, वर त्याचं लाल पेन.

"त्यांना एकच मत पडलं होतं ना, तुमचं," त्या म्हणाल्या. "नेहमी सांगायचे."

मी मान डोलावली, आणि चहा प्यालो...

हे छापून येईल ती पुरवणी वहिनी वाचतात. वहिनी, त्या दिवशी एकही हात वर नव्हता. माझाही नव्हता.