दहिवडीच्या बाभळीखाली थांबलेली द्राक्षं

सुनेच्या पिकअपमधनं दहिवडीला जायचं मी ठरवलं, तवा आमचं म्हातारं म्हणालं, "ह्या वयात मालाच्या गाडीत?" म्हटलं, "मग काय, पालखी धाडताय?" आन बसले की पुढं! शाळा दोनच यत्ता, म्हणून हे फोनला बोलून लिवतीय.

कवठे महांकाळातनं पहाटेच द्राक्षाचे क्रेट भरून निघालो. आमची सून सुनंदा दहिवडीच्या फळवाल्याचा माल नेती. त्याला आता कमी भाड्याचा दुसरा गाडीवाला भेटलावता. आज अर्धा माल त्याच्याकडं दिलावता. सीझनभर काम कुणाला, ते आजच ठरणार; गेलं तर आमची गाडी दारात उभी.

विट्यात वडापाव खाल्ला, लय झणझणीत. मायणीच्या पुढं सावली कमी, पाणी घरनंच घ्या. रस्त्यात मेंढरं आडवी आली आन मला बाप आठवला. बाजाराला मेंढरं न्यायची तर आदल्या दिशीच निघायचा. म्हणायचा, "मेंढरू आपल्या मर्जीनं चालतं, बाजार कुणासाठी थांबत न्हाई."

दहिवडी दिसली आन सुनंदानं गाडी बाभळीखाली लावली. बाजार भरायला अवकाश हुता. मी चिडले, "अगं, हितं बसायचंच हुतं तर झोपू तरी द्यायचंस!"

"आत्या, पंक्चर झालं असतं तर हाच वेळ कामाला आला असता. झालं न्हाई, म्हणून बसलोय."

बापाचंच बोलणं की! मी भाकरीचं फडकं सोडलं.

बाजार भरायला आन आमी दुकानात पोचायला एकच गाठ. फळवाला म्हणतोय, "वैनी, दुसरा कमी घेतोय. जरा इकडंतिकडं झालं तर काय बिघडतंय?"

"मग हाय कुठं तो?" सुनंदानं इचारलं.

फळवाल्यानं त्या गाडीवाल्याला फोन लावला. तिकडनं आवाज आला, "निघालोच मालक, वाटंत हाय!" आन फोनमधनं कोंबडा आरवला.

मी म्हटलं, "दादा, तवर गिऱ्हाइकाला कोंबडा विका."

सुनंदा हसली न्हाई. "भाडं तेवढंच राहील. बाभळीखाली बसलेलं पण त्यात हाय. उतरवू, का फिरवू गाडी?"

गिऱ्हाईक दारात उभं. फळवाला म्हणाला, "उतरवा वैनी. सीझन तुमचा."

सांजच्याला घरी आलो. दहिवडीत काय बघितलं म्हणाल तर बाजार, ऊन आन ती बाभळ. बसून ऱ्हाण्याचं पण मोल असतं, आन ते ताठ मानेनं मागायचं असतं, एवढं घेऊन आले.

म्हातारं म्हणालं, "च्या कवा?"

म्हटलं, "ठरल्या टायमाला पायजे असंल, तर भाडं जास्त पडंल."