सुमनताईंचा डबा

शाळेच्या एक्स्चेंजवर आमच्याकडे राहिलेली लेना पुढच्या आठवड्यात जर्मनीला परत जाईल. बॅगेचं वजन, चटणीची पाकिटं, विमानतळाची गाडी, सगळं मी मार्गी लावलंय. आज मात्र ती समोरच्या सुमनताईंच्या दारात त्यांचा स्टीलचा डबा घेऊन उभी दिसली. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. तेव्हापासून त्यांचे लाडू इकडे, हिचा केक तिकडे, असा तो डबा फिरतोच आहे. सुमनताई एकट्या असतात. त्यांची दुपार त्या डब्यात जाते.

"अगं, लगेच कशाला भरून आणलास? राहू दे की तुझ्याकडे!"

"नको आजी. तुमच्याकडे असला, की तुम्ही येता."

"आणि तू गेल्यावर कुणाकडे येऊ?"

शेजार टिकतो तो बहुधा कुणाची तरी पाळी शिल्लक असते म्हणून. ती पाळी इथून जर्मनीला कशी पोचवायची, हे मला ठरवता येईना. डबा दोघींनीही धरून ठेवला होता. लेनाला जेवायला हाक मारणार होते, मारली नाही. पोळ्या गार होऊ दिल्या.