सामाईक भिंतीची माफी

अमदावादच्या त्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्लीतल्या वस्तीत, दोन घरांना भिंत एकच. इकडे कुणी शिंकलं की तिकडून ‘खमा’ असा आशीर्वाद येतो. म्हणून खिळा ठोकायचा तरी आधी शेजारी हाक मारायची. मग ती माणसं अभराईवरची, म्हणजे भिंतीवरच्या उंच फळीवरची पितळी भांडी उतरवून घेतात. न विचारता ठोकलं आणि काही बिघडलं, तर ठोकणाऱ्यानं दोन्ही अंगांनी भिंत दुरुस्त करून द्यायची. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. त्यामुळे तो मोडायला वकीलही मिळत नाही.

सेवंतीलाल शाहांनी तो मोडला. उभा जन्म कापडाच्या दुकानात ‘रंग जाणार नाही’ असं सांगण्यात घालवलेला माणूस. सुनेसाठी भिंतीत कपाट बसवायचं होतं. शेजारच्या सूरजबेनना हाक मारली तर त्या शंभर प्रश्न विचारतील. तेव्हा त्या देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, दर्शनाला गेल्याचं बघून शेठ गवंड्याला म्हणाले, “मार!”

पलीकडे अभराई भांड्यांसकट खाली आली.

“सेवंतीभाई, माझी भिंत उभी फाटली हो!” परतल्यावर सूरजबेन ओट्यावरूनच ओरडल्या. “तुमच्याकडे काही चाललं होतं का?”

“छे हो, बेन! भूकंपातली जुनी भेग ती. आज तोंड उघडलं तिनं.”

“असेल बाई. तुमच्याकडे कुणाला लागलं नाही ना?”

शेठ मान हलवून घरात सटकले. आत त्यांच्या पत्नी कुमुदबेन पोळ्या लाटत होत्या. “भूकंप हातोडा घेऊन आला होता, तेही सांगायचं होतं,” त्या म्हणाल्या.

पर्युषण आलं, संपलं. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी शेठ हात जोडून दारोदार फिरले. वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखवलं असेल, त्याची माफी. या ‘नकळत’ शब्दाच्या पदराआड भेगही झाकली जाईल, असा त्यांचा हिशेब. सूरजबेनच्या उंबऱ्यावर ते घाईघाईनं पुटपुटले, “मिच्छामि दुक्कडम्.”

“मिच्छामि दुक्कडम्, भाई,” सूरजबेननी त्यांच्याहून खाली वाकून हात जोडले. “माझ्या मनात पाप आलं होतं. वाटलं, तुम्हीच भिंत फोडलीत आणि खोटं बोलताय. देवासारख्या शेजाऱ्यावर संशय घेतला, माफ करा.”

त्या वाकलेल्या डोक्यामागे भेगेत कोंबलेलं जुनं लुगडं दिसत होतं.

“बेन… मीच फोडली. तुम्ही घरी नाही असं बघून फोडली.”

सूरजबेन सरळ उभ्या राहिल्या.

“तुम्हाला माफ केलं,” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवशी नाही म्हणता येत नाही. भिंत तुम्ही बांधून द्याल, ते ठरलेलंच आहे. पण संशय घेतला म्हणून मी तुमच्याकडे मागितलेली माफी? ती मला परत करा.”

विकलेलं कापडसुद्धा परत घेणारे शेठ. पण हा माल परत कसा करायचा, ते त्यांना सुचेना. ते जोडलेले हात तसेच घेऊन उंबऱ्यावर उभे राहिले.