समारंभाचा हिरवा पडदा

चुळबुळ्या हे नाव त्याच्या ताईनंच ठेवलं. लहानपणी तो जेवायचाही उभ्यानं. आता टेम्पो चालवतो, तेव्हा बूड तेवढं टेकतं, गाडी मात्र टेकत नाही. एक शहर कापड विणतं, चाळीस किलोमीटरवरचं दुसरं रंगवतं, तिसरं शिवतं. एकेका कामात म्हणे जो तो पटाईत. पण शर्ट अंगावर चढेस्तोवर किती डिझेल पितो, हे कुणी विचारत नाही. हा विचारतो, म्हणून ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात त्याला वकीलसाहेब म्हणून चिडवतात.

विणणाऱ्या शहराला यंदा स्वच्छ हवेचं बक्षीस मिळालं. मिळणारच! रंगाचे सगळे बॉयलर शेजाऱ्याच्या गळ्यात मारले की इथलं आभाळ निळंशार. तिथे डाईंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, बॉयलरवर होती त्याची ताई. महिनाभर तिची छाती घरघरत होती. मोठ्या दवाखान्यात आज दुपारचा नंबर लागला होता. चुकला तर पुढचा दोन महिन्यांनी.

आणि सकाळीच नगरपालिकेच्या साहेबांनी संध्याकाळच्या बक्षीस समारंभाचा पडदा उलगडून नाक मुरडलं.

"कसला हिरवा हा? फिका, आजारी दिसतोय. डाईंगवाल्याला सांग, गडद कर. पाचच्या आत परत आण."

"एका पडद्यासाठी अख्खा बॉयलर पेटवायचा, साहेब?"

"तुला रंगातलं काय कळतं? गाडी चालव."

दात आवळून त्यानं पडदा गाडीत टाकला आणि वेशीबाहेर येताच फोन लावला.

"ताई, निघालीस का?"

"कशी निघू? मुकादम म्हणतो थांब, पडदा परत येईल बहुतेक."

"नाही येत. साहेबांनी पास केला, सांग त्याला. तू दवाखाना गाठ."

"खरं?"

"शप्पथ."

"तुझ्या शपथा! निघते बाबा."

पुलाखाली गाडी लावून त्यानं इंजिन बंद केलं. साहेबांनी डाईंगला नुसता एक फोन केला असता, तर टेम्पो गेला असता हातचा. तो अकरा वेळा खाली उतरला, अकरा वेळा वर चढला. चाकांना लाथा मारून झाल्या, लख्ख स्वच्छ काच तीनदा पुसून झाली. पावणेपाचला तोच पडदा त्यानं साहेबांपुढे उलगडला.

"आता कसा! सांगत होतो ना?"

"डोळाच तसा आहे साहेब तुमचा."

पडदा चढला. पाहुण्यांनी माईक हातात घेतला, "आपल्या शहरात आज एकही धुराडं नाही!" टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात खिशात फोन थरथरला.

"डॉक्टर म्हणतात, धुरापासून लांब राहा," ताई म्हणाली. "तुमच्याकडची हवा चांगली आहे म्हणे. तिथे बॉयलरवर काम मिळेल का रे? दुसरं काही येत नाही मला."

"बघतो," तो एवढंच म्हणाला. मग मंडपाच्या खांबाला टेकून, उभ्याउभ्याच, उद्याच्या मालाची चिठ्ठी उघडली. तीन फेऱ्या होत्या. तिन्ही डाईंगच्या.